मोबाईलमध्ये मावेल एवढी अम्मी

१

लोकांना वाटतं व्हिडिओचं काम म्हणजे शूटिंग. शूटिंग सोपं असतं हो. कंबर मोडते ती नंतर, सगळं कापून-जोडून झाल्यावर, जेव्हा कॉम्प्युटर विचारतो की फाईल कोणत्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करू. गिऱ्हाइकाला एकाच वेळी सगळं हवं असतं. क्वालिटी एक नंबर पाहिजे, घरातल्या जुन्या टीव्हीवर चालली पाहिजे, पेनड्राइव्हमध्ये बसली पाहिजे आणि व्हॉट्सॲपलाही गेली पाहिजे. मी पूर्वी समजावून सांगायचो. आता मान हलवतो आणि दाबायला घेतो.

आमच्या धंद्यात फाईल लहान करण्याला दाबणं म्हणतात. पुणे रस्त्याला, केडगावात माझं दुकान आहे, आणि हल्ली तिथं दाबण्याचंच काम चालतं. लग्नाची शूटिंग ड्रोनवाल्या पोरांकडे गेली. माझ्याकडे येतात त्या जुन्या कॅसेटी. कुणाचं बारसं, कुणाची हळद, कुणाचे आजोबा राहुरीच्या उसात उभे राहून हात हलवतायत. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, हललेलं डुललेलं कापायचं, मूळ आवाज बंद करून वर सनई लावायची आणि दाबून द्यायची. मूळ आवाज कुणी ठेवत नाही. त्यात जनरेटर, भांडी आणि रडणारी पोरं याशिवाय काही नसतं. मी तर तो ऐकतही नाही, पहिल्याच मिनिटाला बंद करतो. इतक्या वर्षांची सवय आहे, हात आपोआप तिकडे जातो.

दिवाळीनंतर माझ्या मुलीचं, मेहरीनचं लग्न ठरलं. मुलगा कैफ, शिर्डीला एका हॉटेलात मॅनेजर आहे, घरचे लोक चांगले आहेत. दागिन्यांचं, कपड्यांचं बोलणं चाललं होतं तेव्हा मेहरीन म्हणाली की तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. मोबाईलमध्ये मावेल एवढी अम्मी.

तिची अम्मी, माझी खुर्शीद, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. त्या दिवसांत तोंड दाखवत नव्हते. गुंडाळलेलं पार्सल गाडीतून आलं आणि गाडीतूनच कब्रस्तानात गेलं. मेहरीन गेटच्या बाहेर उभी होती. तेव्हापासून ती म्हणते, अम्मीचा चेहरा आठवायला गेलं की आधार कार्डावरचा फोटो समोर येतो, आणि तो कुणाचाही असू शकतो.

२

व्हिडिओवाल्याच्या बायकोचा व्हिडिओ नाही, हे सांगायला लाज वाटते. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. खुर्शीदला कॅमेरा आवडायचाच नाही. मी कॅमेरा उचलला की ती पाठ करायची किंवा आत निघून जायची. त्याला हात लावायलाही घाबरायची. पुसायला सांगितला तरी फडकं माझ्याच हातात द्यायची.

म्हणून तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली ती छोटी कॅसेट सापडली तेव्हा मी तिथंच जमिनीवर बसलो. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. माझा जुना कॅमेरा काढला, केबल शोधली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, कॅसेट लावली.

तीनेक मिनिटांचं चित्र होतं. नगरमधल्या आमच्या भाड्याच्या घराचं. ते घर आम्ही फार वर्षं ठेवलं नाही, खुर्शीदनं हट्ट धरला आणि मला केडगावला यावं लागलं. बाहेरच्या खोलीतून आत स्वयंपाकघराकडे बघणारं चित्र. उंबऱ्यावर मेहरीन, पाचसहा वर्षांची, फ्रॉकमध्ये, एका पायावर दुसरा पाय ठेवून उभी. तिची पाठ आपल्याकडे. तिच्यापुढे, गॅसपाशी, हिरव्या साडीत डोक्यावर पदर घेतलेली बाई. तिचीही पाठ. उजवा हात पातेल्यात काहीतरी ढवळतोय. बस्स, एवढंच. शेवटी चित्र हललं, फरशी दिसली आणि काळं झालं.

कधी काढलं ते मला आठवेना. पण घरात कॅमेरा धरणारा मी एकटाच, म्हणजे मीच काढलं असणार. आणि खुर्शीदनं नेहमीप्रमाणे पाठ केली असणार. मला हसू आलं आणि मग मी बराच वेळ रडलो. कॅसेट बाहेर काढताना कॅमेऱ्यानं तिची फीत गिळली आणि तुकडा पडला. पण चित्र कॉम्प्युटरमध्ये पूर्ण उतरलेलं होतं, जसंच्या तसं, न दाबता. पाऊण जीबीची फाईल झाली होती.

शेवटचं हललेलं मी कापलं. आवाज बंद केला. वर सनईऐवजी सारंगीचा एक तुकडा लावला, खुर्शीदला सारंगी आवडायची. चेहरा नव्हता, पण माणूस पाठीवरूनही ओळखू येतं असं मी स्वतःला समजावलं, आणि मोबाईलच्या मापाची पहिली फाईल करायला लावली.

३

पहिली फाईल चांगली झाली. रंग थोडे मेले, पण ते होतंच. मी खुर्चीत मागे टेकून बघत होतो. मधेच मला बाईचा डावा कान दिसला.

कान दिसण्यात काय आहे, असं तुम्ही म्हणाल. पण मी ते चित्र तोवर इतक्यांदा बघितलं होतं. पदर कानावरून खाली आलेला होता. मी मूळ फाईल उघडली. कान नव्हता. लहान फाईल उघडली. कान होता, आणि त्याच्या पुढं गालाची थोडी कड. जणू ती मान किंचित वळवून मेहरीनकडे बघायला निघाली होती.

मी चित्र थांबवलं. थांबवल्यावर तिथं कान नव्हता. नुसते हिरवे-तपकिरी चौकोन. पुन्हा चालू केलं की चौकोन एकमेकांत सरकायचे आणि त्यांचा कान व्हायचा.

डोळे थकलेत, मी म्हणालो. दिवसभर लोकांच्या हळदी बघून दुसरं काय होणार. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि ऊन बघत बसलो. खरं सांगायचं तर मला भीती नव्हती वाटली. मला हाव सुटली होती. अजून थोडी लहान केली तर काय होईल, हेच डोक्यात घोळत होतं.

अजून लहान केली. आता गाल पूर्ण दिसला.

४

माझ्या दोस्ताचा, कल्याणचा फोटो स्टुडिओ माझ्या दुकानाच्या पलीकडे आहे. अल्बम करतो, कॉम्प्युटरमधलं त्याला माझ्यापेक्षा बरं कळतं. मी त्याला काही न सांगता विचारलं, की दाबताना चित्रात नसलेलं काही येऊ शकतं का.

त्यानं सांगितलं की येतं की. दाबताना यंत्र प्रत्येक चित्र पूर्ण ठेवत नाही. एक पूर्ण ठेवतं, पुढं फक्त काय हललं तेवढं लिहून घेतं आणि बाकीचं अंदाजानं भरतं. फाईल जितकी लहान मागाल तितका अंदाज जास्त. कधी मागचं चित्र पुढच्यात चिकटून राहतं, कधी एकाचं नाक दुसऱ्याला लागतं. नवीन फॉरमॅट तर फारच हुशार आहेत, त्यांचा अंदाज आपल्याला खराच वाटतो.

मला एवढं हलकं वाटलं की मी त्याला फाईल दाखवली. त्यानं चहा पीत पीत माझ्या मोबाईलवर बघायला सुरुवात केली. मग चहा खाली ठेवला.

"भाभी वळल्या की," तो म्हणाला. "मला वाटलं तुम्ही मागूनच काढलंय."

मी त्याला मूळ फाईल दाखवली नाही. का नाही, ते मला सांगता येणार नाही. दाखवली असती तर आम्ही दोघांनी मिळून काहीतरी कारण शोधलं असतं आणि विषय संपला असता. पण मला तो संपवायचा नव्हता. खुर्शीद चार वर्षांनी माझ्याकडे वळत होती. यंत्राचा अंदाज म्हणा, काहीही म्हणा, मला ती बघायची होती.

त्या आठवड्यात मी गिऱ्हाइकांचं काम बाजूला टाकलं. फॉरमॅट बदलून बघितले, जुने आणि नवे. मोठ्या फाईलमध्ये ती कमी वळायची, लहान फाईलमध्ये जास्त. नियम एवढाच. बाकी सगळं पुसट होत जायचं. भिंतीवरची भांडी गेली, खिडकी गेली, मेहरीनच्या फ्रॉकवरची फुलं गेली. स्वयंपाकघराची नुसती राखाडी पेंड झाली. त्या पेंडीत ती तेवढी स्वच्छ राहायची. नाकाचं टोक दिसलं त्या दिवशी मी दुकानात एकटाच मोठ्यानं बोललो. म्हणालो, खुर्शीद, वळ ना जरा.

५

मग मला तिचा डावा हात दिसला.

मूळ चित्रात तो हात दिसतच नाही, तो पुढं गॅसपाशी कुठंतरी आहे. शेवटच्या फाईलमध्ये तो बाजूला आला होता. खाली, मेहरीनच्या उंचीवर. तळवा वर करून. लहान मुलाला कडेवर घ्यायला बोलावताना करतात तसा. आणि उंबऱ्यावरच्या मेहरीननं एका पायावरचा दुसरा पाय खाली ठेवला होता.

मी फाईल बंद केली. खुर्शीदचा डावा हात मला माहीत होता. लग्नाआधी ऊसतोडणीत कोयता लागून तिची करंगळी वाकडी झालेली होती. या हाताची बोटं सरळ होती, लांब होती. यंत्राला करंगळी कुठली ठाऊक, असं मी स्वतःला सांगितलं. अंदाजाला काय, तो सरळच बोटं काढणार. हे कारण पटण्यासारखं होतं. तरी मी ती फाईल पुसली, तिच्या आधीच्याही सगळ्या पुसल्या, आणि ठरवलं की मेहरीनला मूळ फाईलच पेनड्राइव्हमध्ये घालून द्यायची. पाठ तर पाठ.

घरी गेलो तर ती माझ्या गळ्यातच पडली. कितीतरी दिवसांनी तिला अशी हसताना बघितली. दुपारी, मी फाईली पुसण्याआधी, डबा द्यायला ती दुकानात आली होती तेव्हा मी टपरीवर होतो. कॉम्प्युटरवर फाईल दिसली आणि तिनं मोबाईलमध्ये घेतली. कैफला व्हॉट्सॲप केली. स्टेटसला लावली. मैत्रिणींनी, मावश्यांनी तिथून उतरवून आपापल्या स्टेटसला लावली.

मी पलंगावर बसलो. व्हॉट्सॲप काय करतं ते मला नको सांगायला. पाठवलं की ते आपल्या मनानं आणखी दाबतं. स्टेटसला तर अजून. कुणी उतरवून पुन्हा पाठवलं की पुन्हा. माझ्या कॉम्प्युटरवर मी ज्या मापाच्या अलीकडे थांबलो होतो, त्याच्या कितीतरी पुढे ती फाईल एव्हाना गेली असणार.

संध्याकाळी माझ्या बहिणीचा, आलियाचा फोन आला. ती श्रीरामपूरला असते. रडत होती. म्हणाली, "भाईजान, किती वर्षांनी वहिनीचं तोंड दिसलं. पण खरं सांगू? मी ओळखलंच नाही आधी. माणूस किती लवकर विसरतो बघा."

मी विचारलं, तोंड दिसलं म्हणजे पूर्ण दिसलं का.

ती म्हणाली, "समोरच तर बघतेय ती."

६

मेहरीनला मी ते पुसून टाकायला सांगितलं. चुकीची फाईल आहे, रंग बिघडलेत, मी चांगली करून देतो, असं काहीबाही बोललो. तिनं मोबाईल छातीशी धरला. तिनं माझा शब्द कधी मोडला नव्हता.

"तुम्हाला अम्मीचं तोंड आठवत असेल, अब्बा," ती म्हणाली. "मला नाही आठवत. मला हेच राहू द्या."

तिच्या मोबाईलमध्ये डोकावायचं धाडस मला झालं नाही. ती दिवसातून कितीदा तरी ते बघायची. भाजी निवडताना, मेंदीवालीशी बोलताना, जेवताना. कैफनंच तिला परत पाठवलं होतं म्हणे, त्याच्या बहिणीकडून आलेलं, तिच्याकडे कुठून आलं कुणास ठाऊक. ते सगळ्यात छान होतं, मेहरीन म्हणाली. अम्मी सगळ्यात जवळ आली होती. फक्त आवाज नव्हता, सारंगीच होती. अम्मीचे ओठ हलतात पण काय म्हणते ते कळत नाही, मूळ कॅसेटीत आवाज आहे का अब्बा, तेवढा द्या ना.

आवाजाचं मला तेव्हा सुचलं. मी तो ऐकलाच नव्हता.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मी दुकान उघडलं, मूळ फाईल पेनड्राइव्हमध्ये घेतली आणि घरी आलो. दुपारचे तीन वाजले असतील. मेहरीन आतल्या खोलीत होती. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडला, कानात हेडफोन घातले आणि फाईल लावली. न दाबलेली, न कापलेली.

चित्र तेच. उंबऱ्यावर पोर, गॅसपाशी पाठमोरी बाई. आधी कॅमेऱ्याच्या मोटरची घरघर ऐकू आली. मग श्वास. अगदी माइकजवळ, कॅमेरा धरणाऱ्याचा श्वास, जोरजोरात चाललेला. चित्र थरथरतंय हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. माझ्या हातात कॅमेरा कधी थरथरत नाही.

आणि मग कॅमेऱ्यामागून, माझ्या कानापाशी, खुर्शीद बोलली.

"मेहरीन. हिकडं ये." राहुरीकडच्या खेड्यात वाढलेली बाई ती. माझ्या घरात हिकडं म्हणणारी तेवढी एकच होती. "पळू नको. माज्याकडं बग. हळू ये."

गॅसपाशी ढवळणारा हात थांबला नाही. पोर जागची हलली नाही. खुर्शीद पुन्हा तेच म्हणाली, आणखी हळू आवाजात. घाबरलेली बाई मुलाला कळू न देता बोलते तशी. आणि मी कापून टाकलेल्या त्या शेवटच्या तुकड्यात, फरशी दिसत असताना, तिची पावलं धावताना ऐकू आली. मेहरीन एकदम रडली. मग काळं झालं.

म्हणजे कॅमेरा खुर्शीदच्या हातात होता. ज्याला ती हात लावत नव्हती तो तिनं उचलला होता, मला हे चित्र दाखवायला, दुसरं काय कारण असणार. आणि मग कधी दाखवलं नाही. मी चित्र मागे घेतलं. हिरव्या साडीतल्या त्या पाठीकडे बघत राहिलो. ती कोण, हा प्रश्न मी मनातही पूर्ण होऊ दिला नाही.

हेडफोन काढले तेव्हा आतून सारंगी ऐकू येत होती. माझाच लावलेला तुकडा, पण इतका दबलेला की बाटलीतून वाजल्यासारखा. मी उठून दारात गेलो.

मेहरीन पलंगाच्या कडेला बसली होती, माझ्याकडे पाठ करून, डोक्यावर ओढणी घेऊन. मोबाईल तोंडाच्या अगदी जवळ धरलेला. तिच्या खांद्यावरून मला स्क्रीनचा जेमतेम कोपरा दिसत होता. त्यात स्वयंपाकघर नव्हतं. गॅस नव्हता, उंबरा नव्हता, त्यावरची पोर नव्हती. स्क्रीनभर एकच काहीतरी होतं, फिकट, आणि ते हलत होतं. मी पूर्ण बघितलं नाही. बघवलं नाही.

धावत जाऊन मोबाईल हिसकावून घ्यावा असं वाटलं. मेहरीनचा मोकळा हात पुढं गेलेला होता, स्क्रीनच्या दिशेनं, कुणाच्या तरी हातात द्यायला निघाल्यासारखा. माझ्या तोंडून शब्द निघाले ते माझे नव्हते.

"मेहरीन," मी म्हणालो. "हिकडं ये, बाळा. पळू नको. माज्याकडं बग. हळू ये."

ती वळली नाही.

"थांबा ना अब्बा," ती म्हणाली. "अम्मी बोलावतेय मला."